पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंतचे चाळीस दिवस

पत्र

मी जळगावची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. १ जुलै ते ३१ डिसेंबर अशी सहा महिन्यांची इंटर्नशिप बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मिळाली आहे. विभाग क्वालिटी, स्टायपेंड १२,००० रुपये. बाबा सुरुवातीला १०,००० देणार, त्यापुढे तुझं तू बघ म्हणतात. फतेहगंजला एक पीजी ६,००० ला मिळतोय, मांजलपूरला दुसरा ७,००० ला. दोन्हीकडे दोन वेळचं जेवण आणि ५,००० डिपॉझिट. आई म्हणते, दांडिया बाजारात आत्या असताना पीजीला पैसे कशाला घालायचे? आत्याचं वाड्यातलं दोन खोल्यांचं घर आहे, आतोबांची तब्येत नाजूक असते. सहा महिने तिथे राहायचं नाही, पण आत्याला दुखवायचंही नाही. गुजराती येत नाही. सीनियर म्हणतात, इंटर्नला कुणी काम देत नाही, चहा आणायला पाठवतात. १२,००० पुरतील का? आणि आत्याचं काय करू?

— श., जळगाव

उत्तर

प्रिय श.,

१२,००० पुरतील. ओढाताण होईल ती १ जुलै ते १० ऑगस्ट या दिवसांत, आणि तुझ्या पत्रात नेमका त्याच दिवसांचा हिशेब राहून गेला आहे. आत्याचा प्रश्नही त्याच दिवसांत सुटतो, म्हणून आधी पैशांचं बोलू.

जुलैचा स्टायपेंड जुलैत मिळत नाही. हजेरी महिनाअखेरीला बंद होते, त्यावर तुझ्या वरिष्ठांची सही होते, मग कागद अकाउंट्सकडे जातो आणि ७ ते १० तारखेच्या आसपास पैसे खात्यात पडतात. इंटर्नचं नाव बहुधा पगारपत्रकात नसतं, वेगळ्या यादीत असतं. ती यादी करताना तुझ्या कागदांत काही कमी असलं तर तुझ्यासाठी कुणी थांबत नाही, नाव पुढच्या महिन्याच्या यादीत जातं. म्हणजे पहिला पैसा थेट १० सप्टेंबरला. असं होतं ते कुणाच्या वाईटपणामुळे नाही, एका झेरॉक्समुळे. तेव्हा पहिल्याच दिवशी पूर्ण संच दे: पॅन, आधार, कॉलेजचं पत्र, दोन फोटो, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान. जळगावचंच खातं चालतं, मात्र ते लहानपणी आईबाबांनी उघडलेलं मायनर खातं असेल तर अठराव्या वर्षानंतर ते तुझ्या सहीवर करून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार अडतात. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन खात्री कर. पासबुकावर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही तिथेच बघ. पहिल्या आठवड्यात अकाउंट्समध्ये जाऊन एकच प्रश्न विचार: ‘माझं नाव जुलैच्या यादीत आहे ना?’ भीड बाळगू नकोस, रोज कुणी ना कुणी हे विचारतंच.

खात्यात १२,००० ऐवजी १०,८०० आले तर दचकू नकोस. बऱ्याच कंपन्या इंटर्नचा स्टायपेंड व्यावसायिक शुल्कात धरतात आणि १० टक्के कर कापून भरतात. तुझं वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी रिटर्न भरलंस की ते पैसे परत येतात. पॅन दिलं नाहीस तर हीच कपात २० टक्के होते. कपात होणारच असं धरून, म्हणजे १०,८०० वरच हिशेब मांडू.

समजा, १ जुलैलाच मांजलपूरच्या पीजीत राहायला गेलीस. डिपॉझिट ५,०००, जुलैचं भाडं ७,०००, आणि ऑगस्टचंही ७,०००, कारण भाडं १ ते ५ तारखेला द्यायचं असतं आणि स्टायपेंड १० ला येतो. पहिला रुपया मिळायच्या आत १९,००० गेले. वर बादली-चादर-बूट मिळून दीडेक हजार आणि चाळीस दिवसांचा वरखर्च तीनेक हजार. एकूण साडेतेवीस हजारांच्या घरात. बाबांचे १०,००० वजा केले तरी साडेतेरा हजारांचा खड्डा उरतो. तो उधारीने भरला जातो आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरही फेडण्यात जातात. ‘स्टायपेंड पुरत नाही’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ मुलामुलींचं गाडं पहिल्या महिन्यातच रुतलेलं असतं.

आता दुसरा रस्ता. १ जुलै ते १० ऑगस्ट आत्याकडे राहा. सहा रविवार सोडले तर कामाचे ३५ दिवस. दांडिया बाजार ते मकरपुरा जीआयडीसी सात-आठ किलोमीटर. शटल रिक्षाचे एका वेळचे २५ धरले तर १,७५०. चहा-नाश्ता रोज ३० प्रमाणे १,०५०. आत्याच्या घरी भाजी-फळं-दूध २,०००. रिचार्ज ३००. सामान १,५००. झाले ६,६००. बाबांच्या पैशांतले ३,४०० शिल्लक. १० ऑगस्टला १०,८०० आले की हातात १४,२००. ११ ऑगस्टला पीजीत जा. तिथे दोन गोष्टी आधीच ठरवून घे: भाड्याचा महिना ११ ते १० असा धरायचा, आणि डिपॉझिट निम्मं आता, निम्मं पुढच्या महिन्यात. ७,००० अधिक २,५०० दिल्यावर ४,७०० उरतात. पीजीतला वरखर्च महिन्याला साधारण २,२०० (रिक्षा ५२०, चहा-नाश्ता ७८०, रिचार्ज ३००, साबण-औषध-इस्त्री-किरकोळ ६००). ११ सप्टेंबरला उरलेलं डिपॉझिट चुकतं होतं आणि तिथून पुढे दर महिन्याला १,६०० मागे पडतात. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण तारखा मात्र अशाच बसव. भाड्याची तारीख बदलून द्यायला मालकीण कुरकुरेल. तिला कंपनीचं पत्र दाखव आणि सांग, ‘१० ला पैसे येतात, ११ ला तुमच्या हातात असतील.’ ठरलेल्या तारखेला भाडं देणारी मुलगी कुठल्याही पीजीला हवीच असते.

फतेहगंजचे ६,००० स्वस्त दिसतात खरे. पण फतेहगंज शहराच्या वरच्या टोकाला, युनिव्हर्सिटीच्या बाजूला, आणि तुझी कंपनी पार खालच्या टोकाला. वाहन बदलत जायचं तर एका वेळचे ३० सहज जातात. २६ दिवसांचे १,५६० झाले. मांजलपूरहून १० प्रमाणे ५२०. फरक १,०४०, म्हणजे भाड्यात वाचलेले हजार रिक्षात गेले आणि वर चाळीस तुझ्या खिशातले. शिवाय जाता-येता रोज तासभर जास्त. मैत्रिणी, खाणंपिणं, कॉलेजचं वातावरण फतेहगंजला आहे, नाकारत नाही. ते रविवारी कर.

आता आत्या. ‘सहा महिने राहते’ किंवा ‘राहत नाही’ असा निकाल आजच लावायचा म्हणून तो जड वाटतोय. फोनवर तिला तारखेसकट सांग: ‘आत्या, पहिले चाळीस दिवस तुझ्याकडे राहू का? ११ ऑगस्टला कंपनीजवळ खोली घेणार आहे, शिफ्ट लवकरची आहे म्हणून.’ यातलं ‘११ ऑगस्ट’ महत्त्वाचं. दोन खोल्यांच्या घरात आजारी माणूस असताना पाहुणा किती दिवस आहे हे माहीत असलं की घरच्यांना बरं पडतं. तिनं स्वतः कधीच विचारलं नसतं. आईलाही हेच सांग. ‘आत्याकडे राहायचं नाही’ हे वाक्य घरात उच्चारूच नकोस, ते जळगावहून बडोद्याला तुझ्याआधी पोचेल.

पैसे आत्याच्या हातात ठेवू नकोस. ती घेणार नाही, उलट निघताना तुझ्या पिशवीत कोंबेल. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी खंडेराव मार्केटमधून आठवड्याची भाजी आणि फळं घेऊन ये. दांडिया बाजाराहून ते चालत जाण्यासारखं आहे. आतोबांना काय चालत नाही ते आधी विचार, नाहीतर मधुमेहाच्या माणसापुढे चिकू-केळी मांडून ठेवशील. दुधाचे पैसे परस्पर दूधवाल्याला दे. जुन्या वस्तीत नळाला पाणी ठराविक वेळीच येतं, त्यामुळे आंघोळ, पाणी भरणं आणि आतोबांचं आवरणं एकाच तासात येतं. तुझी आंघोळ त्या तासाच्या आधी किंवा आदल्या रात्री उरकून टाक. उशीर होणार असेल तर ‘निघाले’ असा मेसेज निघताना कर, पोचल्यावर नाही. आणि पीजीत गेल्यावरही पंधरा दिवसांतून एकदा रविवारी जेवायला जा. रिकाम्या हातानं जायला हरकत नाही, पण जेवल्यावर ओटा आवरून ये.

या चाळीस दिवसांचा दुसरा फायदा असा की पीजी फोटोंवरून घ्यावा लागत नाही. जुलैतला एक रविवार त्यासाठीच ठेव, आणि खोली शक्यतो पावसाच्या दिवशी बघ. ओल, गळती, गल्लीतलं तुंबलेलं पाणी सगळं एकदम दिसतं. बडोद्यात एक प्रश्न हमखास विचारायचा: ‘२०२४ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी कुठवर आलं होतं?’ त्या वर्षी विश्वामित्री नदीच्या पुरानं शहराच्या सखल भागात घरांत पाणी शिरलं होतं. मालक ‘इथे काही नव्हतं’ म्हणेल. तोच प्रश्न समोरच्या किराणावाल्याला विचार, तो भिंतीवर हात ठेवून उंची दाखवेल. तळमजल्याची खोली पाचशे रुपयांनी स्वस्त असली तरी नदीच्या किंवा नाल्याच्या जवळ घेऊ नकोस. (नदीत मगरी आहेत ही थाप नाही. पुरात त्या वस्तीतही येतात.)

खोलीत गेल्यावर नळ सोडून बघ, फ्लश करून बघ, मोबाइलला रेंज आहे का बघ, दाराची कडी आतून लागते का बघ. मुलींशी मालकीण समोर नसताना बोल आणि विचार, रात्रीच्या जेवणात काय काय होतं. ‘चांगलं आहे’ हे उत्तर धरू नकोस, ‘काल काय होतं?’ असं विचार. जेवण किती वाजेपर्यंत ठेवतात, रविवारी रात्री मेस बंद असते का, तेही. बऱ्याच ठिकाणी असते, आणि महिन्याचे चार रविवार बाहेर जेवायचं म्हणजे चार-पाचशेंची फोडणी. लाइटबिल भाड्यात आहे की वेगळं, हे स्पष्ट करून घे. बडोद्यात घरगुती बिल दोन महिन्यांचं एकदम येत आलं आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये आलेल्या मुलीच्या वाट्याला जूनमधल्या एसीचे युनिट घातले जातात. राहायला गेलीस त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढ आणि तिथेच मालकिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. खोलीतल्या तुटक्या गोष्टींचे फोटोही त्याच मेसेजमध्ये: कपाटाचा निखळलेला बिजागर, भिंतीवरचा डाग, पंख्याचा रेग्युलेटर. डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी तोच मेसेज कामी येतो. डिपॉझिट यूपीआयने दे, आणि नोटमध्ये ‘डिपॉझिट’ हा शब्द लिही. रोख दिलंस तर नंतर ते ‘भाडंच होतं’ असं ठरू शकतं.

आधारची झेरॉक्स देताना त्यावर आडवी रेघ मारून ‘फक्त पीजी नोंदणीसाठी’ आणि तारीख लिही. आधारच्या संकेतस्थळावर आकडे झाकलेली प्रत मिळते, तीही चालते का विचार.

गुजरातीची फार काळजी करू नकोस. दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी सर्रास कानावर पडेल, आणि हिंदीवर कुठेही भागतं. पण फॅक्टरीत ऑपरेटर आपसांत गुजराती बोलतात आणि खरं काम तिथेच शिकायला मिळतं, म्हणून कान उघडे ठेव. घोळ होतो तो अनोळखी शब्दांचा नव्हे, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. ‘मने गुजराती नथी आवडतुं’ म्हणजे मला गुजराती येत नाही. यात आवडीनिवडीचा काही संबंध नाही. पहिल्या आठवड्यात सुपरवायझर तुला ‘नवरी छे?’ असं विचारेल, तेव्हा लाजू नकोस आणि चिडूही नकोस. ‘रिकामी आहेस का?’ एवढंच तो विचारतोय, आणि तोच काम मागायचा क्षण आहे. रिक्षात ‘अहीं ऊभी राखजो’ म्हटलं की तो थांबवतो. अक्षरं वाचायला आठवडा पुरे, डोक्यावरची रेघ नाही एवढाच मोठा फरक. आकड्यांत पाच फसवतो, तो आपल्या ‘प’सारखा दिसतो. बसची पाटी वाचताना लक्षात ठेव.

कामाबद्दल सीनियर सांगतात त्यात तथ्य आहे. पण इंटर्नला काम न देण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: तिनं मोजलेल्या मापावर कुणाचा विश्वास नसतो. क्वालिटीत तो विश्वास व्हर्नियरपासून, म्हणजे जबड्यांत भाग धरून माप घ्यायच्या सरकत्या मोजपट्टीपासून, सुरू होतो. जबडे पुसून बंद कर आणि उजेडासमोर धर. मधून प्रकाशाची फट दिसली किंवा शून्य शून्यावर बसलं नाही तर ते व्हर्नियर बाजूला ठेव आणि तसं सांग. व्यास दोनदा मोज, दुसऱ्यांदा भाग पाव फेरा फिरवून, म्हणजे लंबगोल आहे का कळतं. मशीनवरून नुकताच उतरलेला भाग लगेच मोजू नकोस. १०० मिमी व्यासाचा पोलादी भाग २० अंशांनी गरम असेल तर ०.०२ मिमीहून थोडा जास्तच मोठा भरतो, आणि नेहमीच्या व्हर्नियरचं सर्वांत लहान मापच ०.०२ आहे. शाफ्टवर बेअरिंग बसते त्या जागेच्या मापात चालणारी सूट (टॉलरन्स) पंधरा-सोळा मायक्रॉन, म्हणजे ०.०१५-०.०१६ मिमी, इतकीच असू शकते. तिथे व्हर्नियर लावणारी इंटर्न बघून ऑपरेटर काही बोलत नाही, नुसता हसतो. तिथे त्याहून बारीक मोजणारं मायक्रोमीटरच माग.

ड्रॉइंग हातात आलं की मापं वाचण्याआधी कोपऱ्यातला चौकट-रकाना वाच. रिव्हिजन नंबर (ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती ते) जॉबकार्डावरच्या नंबराशी जुळतो का? जुन्या रिव्हिजनवर तपासून पास केलेला माल ही क्वालिटीतली सगळ्यांत महागडी चूक. त्याच चौकटीत प्रोजेक्शनचं, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर कुठल्या पद्धतीनं मांडल्या आहेत त्याचं, चिन्ह असतं. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. चिन्ह न बघता वाचलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भोक भलत्या बाजूला शोधत बसतेस.

शॉपफ्लोअरवर ओढणी नको, केस बांधून टोपीत, बांगड्या-अंगठी-घड्याळ काढून. पायात सेफ्टी शूज. ते कंपनी देते की स्वतः घ्यायचे हे रुजू होण्याआधीच फोन करून विचार, वर धरलेल्या दीड हजारांत मोठा वाटा त्यांचाच आहे. एक गोष्ट नव्यांना उलटी वाटते: फिरत्या ड्रिलसमोर किंवा लेथसमोर हातमोजे घालायचे नसतात. मोज्याचा धागा अडकला की हात सुटत नाही, आत ओढला जातो. लोखंडाचा भुसा हातानं ओढायचा नाही, मशीन थांबवून हुकनं किंवा ब्रशनं काढायचा.

पंधरा दिवसांनी वरिष्ठांकडे जा आणि ‘मला काम द्या’ असं म्हणू नकोस. म्हण, ‘रिजेक्शन रजिस्टरमधल्या मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी कारणांप्रमाणे लावून देऊ का?’ हे काम सगळ्यांनाच हवं असतं, वेळ कुणाकडेच नसतो. कुठल्या भागात, कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टमध्ये किती माल नापास झाला याचा तक्ता झाला की बहुतेक वेळा दोन-तीन कारणंच निम्म्याहून जास्त रिजेक्शन खाताना दिसतात. त्यातलं एक कारण उचल, तोच तुझा कॉलेजचा प्रोजेक्ट. रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिही: काय मोजलं, काय चुकलं, कुणी काय सांगितलं. डिसेंबरात रिपोर्ट लिहिताना जुलै आठवत नाही. ड्रॉइंगचे किंवा मशीनचे फोटो परवानगीशिवाय काढू नकोस. इंटर्नशिप एका दिवसात संपण्याचं ते खात्रीचं कारण आहे.

चहाचं म्हणशील तर सगळे आळीपाळीनं आणत असतील तर तूही आण, टपरीवर अर्धी फॅक्टरी भेटते. रोज तूच आणायची असं ठरून गेलं तर हातातलं काम न सोडता म्हण, ‘हे चार पीस मोजून होऊ देत.’ तीन वेळा म्हटलंस की दुसरा कुणी उठतो. पण वागणुकीत वेगळं काही खटकलं, कुणाची नजर, स्पर्श, रात्रीचे मेसेज, तर ते चहासारखं हसून सोडून देऊ नकोस. कामाच्या जागी लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत तक्रार समिती असावीच लागते, त्याहून लहान कंपनीसाठी जिल्ह्याची समिती असते, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते. गुजरातेत महिलांसाठी १८१ अभयम ही हेल्पलाइन आहे, नंबर आजच सेव्ह कर.

जेवणाचं थोडक्यात: मेसची डाळ गोड असेल. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी जळगावहून ने, महिनाभर निभावतं. सकाळी रिकाम्या पोटी निघून दहाला फाफडा आणि चारला तळलेली कचोरी असं रोज केलंस तर ७८० चे १,५०० होतील आणि ऑगस्टपर्यंत अ‍ॅसिडिटी. सेवउसळ आठवड्यातून एकदा, तीही तिखट सोसत असेल तर.

नवरात्रात बडोदं नऊ रात्री जागं असतं. तूही जा, पण पास घेण्याआधी वरच्या १,६०० कडे बघ, आणि सकाळची शिफ्ट त्या नऊ दिवसांतही त्याच वेळेला सुरू होते हे विसरू नकोस. झोप अर्धवट असताना शॉपफ्लोअरवर गेलीस तर चूक मापातच होईल असं नाही, बोटावरही बेतू शकतं. दिवाळीत पुष्कळ कारखाने लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बंद असतात, पीजीची मेसही. तेव्हा घरी जाशीलच, पण त्या दिवसांचा स्टायपेंड कापतात का, हे ऑक्टोबरच्या सुरुवातीला विचारून ठेव, म्हणजे नोव्हेंबरातला आकडा बघून धक्का बसणार नाही.

सर्टिफिकेटसाठी ३१ डिसेंबरची वाट बघू नकोस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मजकूर एचआरला मेल कर: गुणपत्रिकेवर आहे तसंच नाव, विभाग, प्रोजेक्टचं शीर्षक, कधीपासून कधीपर्यंत. लेटरहेड, सही आणि शिक्का तिन्ही लागतात. कॉलेजला ठराविक आठवड्यांची अट असेल तर तारखा त्यात बसतात का ते आधी मोज, कारण वर्षअखेरीस सही करणारा माणूस नेमका रजेवर असतो.

आणि पीजी १० डिसेंबरलाच सोड. ११ ला नवा महिना सुरू केलास तर एकवीस दिवसांसाठी ७,००० भरावे लागतील. नोटीस १० नोव्हेंबरला, व्हॉट्सअ‍ॅपवर, तारीख घालून. डिपॉझिट १० डिसेंबरला मीटरचा आकडा दाखवून परत घे आणि उरलेले तीन आठवडे पुन्हा आत्याकडे जा. जुलैत भाजी आणलेली असेल, रविवारी ओटा आवरलेला असेल, तर ती स्वतःच म्हणेल, ‘शेवटी कशाला त्या खोलीत राहतेस?’ परतीचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. ३१ डिसेंबरच्या नवजीवन एक्स्प्रेसचं तिकीट हवं असेल तर १ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता फोन हातात घेऊन बस.